सगळ्या बर्फात चालणारी स्की पारखायची तर दुपारच्या बर्फात पारखा

साकोलीकडच्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. ते शाळेत खेळ शिकवतात. गुलमर्गच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनियरिंगमधून त्यांनी आधी बेसिक अन् मग इंटरमिजिएट कोर्स केला. आता फेब्रुवारीत सुट्ट्या जोडून आठ-दहा दिवस जातात. उंची १७० सेंमी, वजन ७० किलो. स्वतःची एकच जोडी घ्यायची आहे. ती दाबून सपाट केलेल्या पिस्टवर चालावी, गुलमर्गवरच्या अफरवट डोंगराच्या मोकळ्या बर्फात चालावी अन् झाडांतही चालावी. पुण्यात एक जण वापरलेली जोडी विकतो आहे: लांबी १८४, बुटाखालची रुंदी १०६ मिमी, कार्बनची, हलकी, वर टूरिंगचं, म्हणजे पायी चढणाऱ्यांचं, पिन बाइंडिंग (बूट स्कीला पकडणारा खटका). ती घ्यावी का, अन् नसेल घ्यायची तर अशी स्की पारखायची कशी, असं त्यांनी विचारलं आहे.

सर, ती जोडी घेऊ नका. जोडी वाईट असेल असं मी म्हणत नाही, तुमच्या कामाची नाही एवढंच. मी हिवाळाभर गुलमर्गला स्कीच्या दुकानात कडांना धार लावणं, तळाला मेण देणं, बाइंडिंग बसवणं ही कामं करतो अन् गिऱ्हाईक म्हणेल तेव्हा त्याच्यासोबत वर जातो. बाकीचं वर्ष अर्जुनी मोरगावकडे धानात. त्यामुळे तिथला बर्फही ठाऊक आहे अन् इथून तिथवर पोचायला काय लागतं तेही.

तुम्ही ज्या प्रकारची स्की शोधता तिला ऑल-माउंटन फ्रीराइड म्हणतात. हिची वेस्ट, म्हणजे बुटाखालची रुंदी, साधारण ९५ ते १०६ मिमी असते. ७० ते ८० वाली पिस्टसाठी, ८५ ते ९४ वाली पिस्टकडे झुकलेली, ११० च्या पुढची खोल ताज्या बर्फासाठी. मधल्या पट्ट्यातली स्की दोन्हीकडचं काम करते अन् दोन्हीकडे थोडी कमी पडते. कंपन्यांच्या माहितीपत्रकात यातली फक्त पहिली गोष्ट लिहिलेली असते. दुसरी आपण शोधायची.

अन् ती सकाळी सापडत नाही. रात्री फूटभर बर्फ पडला अन् सकाळी पहिल्या गोंडोलाने (केबल कारने) वर गेलात, तर कोणतीही रुंद स्की गोड लागते. माणूस हसत खाली येतो अन् दुकानात ‘हीच द्या’ म्हणतो. नुकत्याच दाबलेल्या पिस्टवरही कळत नाही, कारण तिथे कडेला धार असली की भाड्याची जुनी स्कीसुद्धा शहाण्यासारखी वागते. स्कीचा खरा स्वभाव दुपारी एकनंतर दिसतो. सकाळचा ताजा बर्फ तोवर शेकडो लोकांनी कापलेला असतो. कुठे ढीग, कुठे घासून उघडा पडलेला कडक थर, उन्हाच्या बाजूला ओलसर जड, सावलीत अजून कोरडा. दर दोन मीटरवर पायाखाली काहीतरी वेगळं. तुमच्या सुट्टीतले बहुतेक तास याच बर्फात जाणार आहेत. तिथे जी स्की तुम्हाला घाबरवत नाही ती तुमची. खोल बर्फात ती थोडी कमी तरंगली तरी चालेल.

गुलमर्गला तर हे जास्तच लागू होतं. मैदान साधारण २,६५० मीटरवर. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला ३,००० मीटरच्या थोडं वर सोडतो. दुसरा टप्पा २००५ साली सुरू झाला, तो अफरवटच्या खांद्यावर ३,९०० च्या वर नेतो. म्हणजे एका उतरणीत तेराशे मीटरच्या आसपास उंची खाली येते. माथ्यावर वाऱ्याने ठोकून कडक केलेला बर्फ, मधल्या खोलगटात मऊ, खाली झाडांत जड. मशीनने दाबलेला भाग एकूण डोंगराच्या मानाने फार थोडा. चिल्लई कलानचे, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस सरले की ऊनही चढायला लागतं. तुम्ही फेब्रुवारीत जाता, तेव्हा दुपारी उन्हाकडच्या उतारावर बर्फ ओला होऊन रात्री पुन्हा गोठतो. उत्तराखंडातल्या औलीला जाणार असाल तर गोष्ट वेगळी. तिथला उतार २,५०० ते ३,०५० मीटरच्या दरम्यान, छोटा, बराचसा दाबलेला; ८० ते ८८ ची स्की पुरते. शिवाय २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचली तेव्हा तिथला रोपवे बंद पडला. तुम्ही गुलमर्गच म्हणता, म्हणून पुढचं सगळं गुलमर्ग धरून लिहितो.

आता वेस्ट. सगळे याच आकड्यावरून भांडतात. आपल्याकडे रोवणीच्या आधी बांधीत चिखलणीला ट्रॅक्टरला केजव्हील लावतात. चिखलात ट्रॅक्टर फसत नाही, पण तीच चाकं डांबरी रस्त्यावर आणली तर ट्रॅक्टरही हादरतो अन् रस्ताही. रुंद स्कीचं तसंच. मऊ बर्फात ती वर राहते. कडक बर्फावर मात्र कडा बुटाच्या मध्यरेषेपासून लांब पडते. ७६ च्या स्कीत हे अंतर ३८ मिमी, १०० मध्ये ५०, १०६ मध्ये ५३. स्की कडेवर उभी केली की बर्फाचा दाब त्या कडेवर येतो अन् तेवढ्या अंतराच्या तरफेने तुमचा घोटा अन् गुडघा पिळायला पाहतो. संध्याकाळी गुडघ्याच्या आतल्या बाजूला जे दुखतं, त्यात या मिलिमीटरांचाही वाटा असतो. एका कडेवरून दुसरीवर जायलाही उशीर लागतो.

अन् याच्या बदल्यात तरंगणं वाटतं तेवढं वाढत नाही. पुढे १२८, मध्ये ८८, मागे ११२ अशी एक स्की घ्या; दुसरी १३२, १००, १२२. वेस्ट बारा मिलिमीटरने वाढली, पण बर्फावर टेकणारं क्षेत्रफळ दहा टक्क्यांच्या आसपासच वाढतं, कारण टोक अन् शेपूट दोन्ही स्कींत तशीही रुंद असतात. खोल बर्फात वर राहायला टोकाचा उठाव, लांबी अन् तुमचा वेग यांचाही मोठा हात असतो. हळू चालवणारा माणूस ११० वरही बुडतो. ७० किलोच्या माणसाला गुलमर्गसाठी ९६ ते १०१ पुष्कळ. १०६ ला माझा विरोध नाही, पण ती ज्याच्या घरी दुसरी अरुंद जोडी आहे त्याने घ्यावी. तुमची एकच असणार.

आकाराबद्दल थोडं खोलात जातो, कारण दुकानात लोक रंग पाहतात अन् हे पाहत नाहीत. स्की फरशीवर ठेवली की मधोमध ती थोडी उचललेली दिसते, तो कॅम्बर. त्यामुळे वजन टाकल्यावर दाब टोकाकडे अन् शेपटीकडे पसरतो अन् कडा लांबवर पकडते. टोकाकडे किंवा शेपटीकडे स्की आधीच वर वळायला लागलेली असेल, तर तो रॉकर. हा उलटा आकार रुजवला शेन मॅककॉन्की या स्कीपटूने. २००२ मध्ये व्होलांट कंपनीची स्पॅट्युला ही स्की त्याच्या कल्पनेतून निघाली. ती मध्येच रुंद अन् दोन्हीकडे वर वळलेली होती. खोल बर्फात ती कमाल होती, कडक बर्फावर निरुपयोगी. आजच्या ऑल-माउंटन स्कीत त्यातलं थोडंसंच घेतलेलं असतं: पुढे रॉकर, मध्ये कॅम्बर, मागे जरासा रॉकर.

किती रॉकर आहे ते घरीच कळतं. सपाट फरशीवर स्की ठेवा, मधोमध हाताने दाबून कॅम्बर सपाट करा, अन् कोणाला तरी पुढून एक कागद खाली सरकवायला सांगा. कागद अडतो तिथून पुढे स्की कडक बर्फाला टेकतच नाही. हे टोकापासूनचं अंतर वीस-पंचवीस सेंटिमीटर असेल तर तुमच्या कामाचं. पस्तीस-चाळीस असेल तर ती स्की खोल बर्फाकडे झुकलेली आहे. १८० लिहिलेली असली तरी पिस्टवर बरीच छोटी लागेल अन् वेगात तिचं टोक फडफडेल. शेपटीकडे मी कमी उठाव पसंत करतो, पण अगदी सपाट शेपूटही नको. शिकत्या माणसाचं वजन मागे जातं. तेव्हा सपाट, कडक शेपूट त्याला वळण संपवू देत नाही अन् सरळ खाली पळवते.

कडेचा कमानीसारखा आकार, म्हणजे साइडकट, याच्या त्रिज्येचा आकडा स्कीवर छापलेला असतो. १९९३ च्या सुमाराला एलान कंपनीची एससीएक्स आली तेव्हापासून कंबर बारीक, टोकं रुंद असा आकार सगळीकडे गेला. तुमच्या प्रकारात १६ ते १९ मीटर बरा. लोकांचा समज असा की १८ मीटर छापलं आहे म्हणजे स्की तेवढ्याच मोठ्या वर्तुळात वळेल. कडक बर्फावर स्की जितकी जास्त कलवाल तितकं वर्तुळ लहान होतं: १८ मीटरची स्की ४५ अंशांत कलवली की वर्तुळ पावणेतेरा मीटरच्या आसपास, ६० अंशांत ९ मीटर. त्यामुळे १६ अन् १८ यांत निवडताना डोकं शिणवू नका. पण २२ च्या पुढची घेतली तर मध्यम वेगात ती वळायला तयार नसते, अन् आपण सगळे मध्यम वेगवालेच.

आता वजन. माझ्या मते तुमच्या प्रश्नातला खरा कळीचा मुद्दा हाच आहे, वेस्ट नव्हे.

दुपारचा कापलेला बर्फ स्कीच्या टोकाला सारखा ठोसे देतो. हलकी स्की प्रत्येक ठोशाला बाजूला फेकली जाते. जड स्की तोच ठोसा खाऊन सरळ जाते. पोटात टायटॅनलचा पत्रा असला तर कंप लवकर मरतो. टायटॅनल म्हणजे टायटॅनियम नव्हे हं. ऑस्ट्रियातला अॅल्युमिनियमचा मिश्रधातू आहे, झिंक-मॅग्नेशियम-तांब्याचा. स्कीत त्याचा अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून पातळ पत्रा घालतात. दुकानदार ‘टायटॅनियम’ म्हणून भाव वाढवायला लागला तर हसून पुढे चला.

टोकापासून शेपटीपर्यंत दोन पत्रे असलेली नॉर्डिका एन्फोर्सर १०० सारखी स्की कापलेल्या बर्फात निवांत असते, पण हळू वेगात अन् झाडांत ती पायाला काम लावते. फोल्कल मँत्रामध्ये पत्रा चौकटीसारखा कडेने फिरवला आहे. ब्लिझार्ड रस्टलरसारखीत पत्रा अर्धवट आहे, टोकाकडे कमी केलेला. ती वळायला सोपी अन् मध्ये घट्ट. ॲटॉमिक बेंट १०० मध्ये पत्राच नाही. खेळकर स्की, मऊ बर्फात मजेची, पण दुपारी चार वाजता तिच्यावर मी वेग धरत नाही. तुमच्या वजनाला अर्धा पत्रा किंवा जाड लाकडी गाभा बरा. गाभा पॉपलर, बीच, अॅशचा असला तर स्की शांत लागते. पॉलोनियाचा असला तर हलकी लागते. आकड्यात सांगायचं तर तुमच्या लांबीत एका स्कीचं वजन बाइंडिंगशिवाय १,८०० ते २,०५० ग्रॅम असावं. छापलेल्या वजनावर विश्वास ठेवू नका. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून पाहा, दुकानदाराचीही करमणूक होईल.

पुण्याची जोडी इथेच बाद होते. कार्बनची १०६ वाली हलकी स्की ही पायाने चढून जाणाऱ्याची स्की आहे. तो माणूस दिवसभर चढतो, एकदा उतरतो, तेही बहुधा न कापलेल्या बर्फात. त्याला प्रत्येक ग्रॅम चढावर परत मिळतो. तुम्ही गोंडोलाने चढणार अन् तोच कापलेला उतार पुन्हा पुन्हा उतरणार. गोंडोलापासून अफरवटच्या कडेने थोडं चालावं लागलं तरी तेवढ्यासाठी दिवसभराचा थरथराट विकत घेऊ नये. दुसरं म्हणजे पिन बाइंडिंग. त्याला बुटाच्या टोकाला अन् टाचेला धातूच्या खोबण्या लागतात. भाड्याच्या साध्या बुटांत त्या नसतात. अन् असल्या तरी बहुतेक पिन बाइंडिंगना धक्का पचवून बूट पुन्हा जागेवर आणायची सवलत साध्या अल्पाइन बाइंडिंगपेक्षा कमी असते. कडक, खडबडीत उतारावर शिकत्या माणसाने रोज त्यावर राहू नये. ते काढून दुसरं बसवायचं तर नवीन भोकं पाडावी लागतात, अन् त्या जोडीत आधी किती भोकं आहेत देव जाणे.

लांबीचं लवकर उरकतो. उंचीएवढी स्की ही जुनी मोजपट्टी रॉकर आल्यापासून चालत नाही. तुम्हाला १७४ ते १७९ मधली बसेल. कंपन्या वेगवेगळ्या तऱ्हेने मोजतात, म्हणून टेप घेऊन टोकापासून शेपटीपर्यंत सरळ मोजा. छापलेल्या आकड्यात अन् टेपमध्ये दोन सेंटिमीटरचा फरक मी सर्रास पाहतो. दोनमध्ये अडलात अन् झाडांत जायची हौस असेल तर आखूड घ्या.

हाताने वाकवून पाहणं सगळे करतात, मीही करतो, पण त्यातून अर्धंच कळतं. शेपूट जमिनीवर, टोक हातात, मधे दाबायचं. टोक मऊ, मधलं घट्ट, शेपूट टोकापेक्षा थोडी कडक असावी. पण स्की पिळाला किती कडक आहे ते हाताला कळत नाही, अन् कडक बर्फावरची पकड बरीचशी त्यावरच असते. ते बर्फावरच पाहावं लागतं.

तर बर्फावर. गुलमर्गला भाड्याने या प्रकारच्या स्की मिळतात, अन् घेण्याआधी दोन-तीन वेगवेगळ्या घेऊन पाहा, हा माझा आग्रह आहे. पण एक अट: दुकानातून निघताना कडा तपासा. भाड्याच्या स्कीची धार बोथट असते, कधी दगडावर घासून कडेला बारीक खरवडे उठलेले असतात. नखाचा पृष्ठभाग कडेवरून आडवा ओढा. धार असेल तर नखाची बारीक पांढरी भुकटी निघते. तळाकडे १ अंश अन् बाजूला २ अंश अशी धार लावून मागा. अन् तळावर पट्टी आडवी धरून उजेडाकडे पाहा. मध्ये उंच अन् कडेला खाली असा तळ असेल तर स्की डुलते, उलट असेल तर अडकते. दोन्हीत दोष ट्यूनिंगचा, म्हणजे तळ-कडा घासण्याच्या कामाचा, स्कीचा नाही. कंटाळलेल्या कारागिरामुळे चांगली स्की नाकारलेली माणसं मी पाहिली आहेत. दुसरी अट बुटांची. सगळ्या जोड्या एकाच बुटात चालवा. बूट बदलला की तुलना संपली.

सकाळी कोंगडोरीच्या खालचा दाबलेला उतार घ्या, रात्रीचा गोठलेला असतो तेव्हा. आधी आडवं घसरत जा: स्की सारखी घसरते की कडेने झटके देते, ते इथे दिसतं. मग मध्यम वळणं, वेग न वाढवता. वळणाच्या शेवटी शेपूट सुटून जाते का, तेवढं लक्षात ठेवा. फार वेळ इथे घालवू नका, कारण यात सगळ्याच उन्नीस-बीस निघतात.

जेवणानंतर कोंगडोरीहून मेरी शोल्डरच्या चेअरलिफ्टने वर जा अन् कापलेल्या बर्फात उतरा. एकच वेग धरून लांब वळणं घ्या, ढीग चुकवू नका, मुद्दाम त्यातून जा. टोक ढिगावर आपटल्यावर बाजूला जातं, वर उडतं, की कापून जातं? तुम्ही पायाकडे पाहत आहात की पुढच्या उताराकडे? स्की चांगली असेल तर नजर आपोआप वर जाते. मग तोच उतार, मुद्दाम थोडं मागे बसून, थकलेल्या माणसासारखं. ज्या स्कीला ही चूक खपते ती शेवटच्या दिवशीही खपवून घेईल. ज्या स्कीवर मागे बसताच ती पळायला लागते, ती कितीही नावाजलेली असो, बाजूला ठेवा. मी गिऱ्हाइकांना हाच उतार दोन वेगवेगळ्या जोड्यांवर लागोपाठ करायला लावतो. एकाच जोडीवर दिवसभर राहिलं तर पाय तिची सवय करून घेतात अन् मग सगळंच बरं वाटतं.

तिसरी परीक्षा झाडांची. बर्फ पुरेसा असेल तर गाइडसोबत बाबा रेशीच्या बाजूला उतरा. इथे वेग कमी, वळण आखूड, अन् कधीकधी वळायला जागाच नाही. स्की आडवी टाकून वेग मारता येतो का ते पाहा. जड शेपटीची स्की इथे उशिरा येते. इथल्या बर्फाखाली खोडं अन् दगड असतात, अन् कमी बर्फाच्या हिवाळ्यात जास्तच. २०२४ चा जानेवारी आठवा, गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं. म्हणून विकत घेताना कडेची जाडीही पाहा. २ मिमीच्या वर असावी. शर्यतीच्या स्कीसारखी बारीक कडा इथल्या दगडांना टिकत नाही.

खोल ताजा बर्फ नशिबाने मिळालाच तर मजा करा, पण त्या दिवसाचा निकाल धरू नका.

बाइंडिंग बसवायची रेषा स्कीवर छापलेली असते. डेमो जोडीवर, म्हणजे पारखायला दिलेल्या जोडीवर, रुळावर सरकणारं बाइंडिंग असतं, तेव्हा एक सेंटिमीटर पुढे, एक मागे करून पाहा. पुढे सरकवलं की झाडांत स्की चपळ होते, मागे सरकवलं की खोल बर्फात टोक वर राहतं. घेताना मात्र छापलेल्या रेषेवरच बसवा. एका सेंटिमीटरहून जास्त सरकवावंसं वाटलं तर स्कीच चुकली आहे. बाइंडिंगचा ब्रेक स्कीच्या वेस्टपेक्षा १५ मिमीपर्यंत रुंद चालतो, अरुंद चालत नाही. पडल्यावर बूट बाइंडिंगमधून किती जोराने सुटावा तो आकडा तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी अन् चालवायची पद्धत यावरून आयएसओ ११०८८ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तक्त्याने ठरतो. ‘सारखं सुटतं’ म्हणून स्क्रू पिळून घेणाऱ्यांचा पाय सुटत नाही, मोडतो.

आता एक कडू सल्ला. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर स्की घेऊच नका, बूट घ्या. स्की भाड्याची चालते. दुसऱ्याच्या पायाने पसरलेल्या भाड्याच्या बुटात मात्र तुम्ही जी हालचाल करता ती स्कीपर्यंत पोचतच नाही, अन् मग वेस्ट अन् टायटॅनलच्या गप्पा वाया जातात. बूट पायात घालून, जाड नव्हे तर एकच पातळ मोजा घालून, तासभर उभं राहून घ्यावा. ऑनलाइन मागवू नये. फ्लेक्स, म्हणजे बुटाच्या कडकपणाचा आकडा, १०० ते ११० बस. तळवा ग्रिपवॉकचा, म्हणजे चालायला सोपा असा वळलेला, असेल तर बाइंडिंगही ग्रिपवॉकला चालणारं आहे का ते आधी विचारा.

जुनी जोडी दुसरीकडे मिळालीच तर दोन्ही स्की तळाला तळ लावून धरा. टोकाला अन् शेपटीला सारख्या टेकतात का, मध्ये सारखी फट आहे का. एक पिळलेली असली की लगेच दिसतं. शेपटीला थर सुटलेले, कडेलगत गाभ्यापर्यंत गेलेली खोल खाच, दोनदा बाइंडिंग बसवल्याची बुजवलेली भोकं, यातलं काहीही दिसलं तर भाव करू नका, निघा. अन् बाइंडिंग फार जुनं असेल तर कंपनीने अजून मान्य केलेल्यांच्या यादीत ते आहे का, हे कोणत्याही चांगल्या दुकानात कळतं.

रुंद स्की आली की माणूस राखलेल्या उताराच्या दोरीपलीकडे पाहायला लागतो, म्हणून हेही सांगून टाकतो. २०१० च्या फेब्रुवारीत खिलनमर्गला हिमस्खलनात लष्कराच्या हाय ॲल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे सतरा जवान गेले. २०२३ च्या १ फेब्रुवारीला अफरवटच्या हापतखुडला दोन पोलिश स्कीअर गेले. स्की चांगली येते म्हणून हिमस्खलन कोणाला सोडत नाही. ४५७ किलोहर्ट्झचा ट्रान्सीव्हर (गाडल्या गेलेल्याचा ठाव देणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) अन् फावडं हे तिन्ही सोबत असल्याशिवाय, अन् सोबत्याला ते वापरता आल्याशिवाय, खुणेच्या बाहेर जाऊ नका. बजेटमध्ये हे स्कीच्या आधी धरा.

राहिलं घरी ठेवणं अन् नेणं. नागपूरहून जम्मूकडची गाडी, मग जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंतही रेल्वे आहे. स्लीपरमध्ये वरच्या बर्थवर तिरपी ठेवली की १७७ ची जोडी मावते. टोकांना अन् कडांना जुनं कापड गुंडाळा, नाहीतर शेजारच्याची बॅग कापली म्हणून भांडण. पावसाळ्यात कडा गंजतात. फेब्रुवारीत परत आलात की तळ पुसा, कडेवरून तेलाचा हात फिरवा, मेणाचा जाड थर द्या अन् तो खरवडू नका. तळही झाकला जातो, कडाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा टिनाच्या शेडमध्ये किंवा माळ्यावर ठेवू नका, मेण ओघळतं अन् थरांच्या जोडांनाही ती ऊब बरी नाही. मातीच्या भिंतीच्या खोलीत, जमिनीपासून वर, दोन्ही स्की सुट्या ठेवा. तळाला तळ बांधून महिनोन् महिने आवळून ठेवल्या तर कॅम्बर दबतो. जायच्या आठवड्यात मेण खरवडा अन् कडेवर बोट फिरवा. गंजाचे ठिपके असतील तर रबरी गमी स्टोनने घासून काढा. खोल खड्डे पडले असतील तर घरी फाइल घेऊन बसू नका, तशीच घेऊन या. दुकानात मशीनवर अर्ध्या तासाचं काम आहे.